निरशा दुधाचा ताप

आजारातून उठलेली माणसं लिहायला बसली की आभार मानतात. देवाचे, डॉक्टरांचे, घरच्यांचे. मीही तशी सुरुवात करून पाहिली आणि कागद फाडला. मिरजेच्या ज्या डॉक्टरांनी मला बरं केलं ते म्हणाले होते, तुझा अनुभव लिही. तुमच्या भागात हा ताप पुष्कळांना असतो, पण ओळखू येत नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले, तेव्हा इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण ज्यांनी हे वाचायला हवं ती माणसं इंग्रजी वाचत नाहीत. संध्याकाळी ती कट्ट्यावर दूध पीत असतात.

*

आमचं घर राजारामपुरीत आणि आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, कारखाना उद्यमनगरात. लेथवर ऑइल इंजिनांचे सुटे भाग बनतात. आप्पा आम्ही उठायच्या आधी जात. दुपारचा डबा तिकडे जाई. रात्री जेवताना ते वर्तमानपत्र वाचत आणि कुणी बोललं तर पान उलटत. आईला त्याची सवय झाली होती. मला आणि माझ्या धाकट्या भावाला, दिलीपला, मात्र दिवसातला एक तास मिळायचा.

दिवेलागणीला आप्पा स्कूटर घेऊन दारात येत आणि हॉर्न वाजवत. दिलीप पुढे उभा, मी मागे. जायचं पेठेतल्या दूधकट्ट्यावर. बाहेरगावच्या माणसाला हे सांगावं लागतं: आमच्याकडे संध्याकाळी रस्त्याच्या कडेला म्हशी आणून बांधतात. धुतलेल्या, शिंगांना तेल लावलेल्या. तुम्ही पेला पुढे करायचा, गवळी त्यातच धार काढून देतो, आणि तिथेच उभ्याउभ्या ते कोमट, निरसं दूध प्यायचं. तालमीतले पैलवान पितात, वकील पितात, हातगाडीवाले पितात. न पिणाऱ्याला कोल्हापूरचा म्हणत नाहीत.

"पी. फेस बसायच्या आत पी," आप्पा सांगत. "सगळी ताकद फेसात असती."

त्या तासात आप्पा बोलत. कारखान्यातल्या गमती सांगत, लहानपणी शाहूवाडीहून चालत आल्याचं सांगत, दिलीपला दंड दाखवायला लावत. मला म्हणत, "निले, आज साळंत काय शिकवलं? इंग्रजीत सांग, ह्यास्नी ऐकू दे." मी लाजून पेल्यात बघत बसे. मग ते मित्रांना म्हणत, "हिला सगळं येतंय, बोलत न्हाय एवढंच."

मला त्या दुधाचा वास कधीच आवडला नाही. ओठावर फेस राहिला की शिसारी यायची. तरी शाळा संपली, कॉलेज संपलं, मी एका इंग्रजी शाळेत लहान मुलांना शिकवायला लागले, तोवर कट्टा सुटला नव्हता. एकदा शाळेतल्या एका बाईंनी मला तिथे पाहिलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी नाक मुरडून विचारलं, "तू ते कच्चं पितेस?" मी हसले. कच्चं दूध पिते कारण वडील तिथेच बोलतात, हे मी त्यांना कसं सांगणार होते?

*

दिवाळीनंतर ताप यायला लागला. सकाळी नसायचा. शाळेतून आले की अंग मोडून यायचं, थंडी वाजायची आणि नंतर इतका घाम की पोलकं पिळावं लागे. आठवडाभर येई, मग गायब होई. आता गेला असं वाटलं की पुन्हा हजर. गुडघे आणि कंबर म्हातारीसारखी दुखायला लागली. सकाळी बरी दिसत असल्यामुळे आधी कुणाला खरं वाटेना. आक्का, म्हणजे आप्पांची थोरली बहीण, विधवा झाल्यापासून आमच्याकडेच असते, ती म्हणाली, "साळंचा कंटाळा आला असंल. बिस्किटं खाऊन वाढलेली पोरगी, हिला दम कुठला?"

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी टायफॉइड म्हटलं, मग मलेरिया. मग त्यांनी छातीचा फोटो काढायला सांगितला आणि तो खिडकीपाशी धरून बराच वेळ पाहिला. फोटो स्वच्छ आहे, म्हणाले. "तरी सांभाळून राहा."

त्या शेवटच्या वाक्याचा घराने हवा तो अर्थ घेतला. क्षय हा शब्द आमच्याकडे कुणी तोंडातून काढला नाही. आक्का "मोठा आजार" म्हणायची, तोही हळू आवाजात. दुसऱ्या दिवसापासून मला माडीवरची खोली मिळाली, वेगळं ताट, वेगळी वाटी, वेगळा तांब्या. ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवलेलं असे. आई ठेवून घटकाभर थांबायची, पण खालून आक्काची हाक आली की जायची.

त्याच सुमारास सांगलीचे लोक मला बघायला यायचे होते. त्यांना कळवायचं राहून गेलं आणि ते आले. मला जिन्यातूनच खूण झाली की खोकू नकोस. मला खोकला नव्हताच. खाली आक्का सांगत होती, "निली व्हय? बेळगावला मामाकडं गेलीया. मामीचं दुखतंय, तवा लगेच यायची न्हाय." मी पांघरुणात पडून माझीच बातमी ऐकत होते. बेळगावात माझं बरं चाललं होतं असं दिसलं.

एकटे आप्पा माडीवर यायचे. कट्ट्यावरून तांब्या भरून दूध आणायचे, टॉवेलात गुंडाळून, धारेची ऊब जाऊ नये म्हणून स्कूटर पळवत. आधी मी एक पेला प्यायचे. आता ते दोन पाजायचे. आईने एकदा ते दूध चुलीवर ठेवलं. त्या दिवशी खालून आलेले आवाज मला अजून ऐकू येतात.

"मारलंस तू दुधाला."

"मारलं न्हाय, तापवलं. पोरीला कच्चं पचंना झालंय. उलटी काढली तिनं काल."

"कच्चंच पचतंय. उकळलं की काय ऱ्हातंय त्यात? पांढरं पाणी. माझ्या बानं मला ह्याच्यावर वाढवलाय."

"तुमचं वेगळं हाय. तुमी दगड हाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा निरसं दूध आलं. मी पिऊन पेला पालथा करून दाखवीपर्यंत आप्पा उशाशी उभे राहिले. एक गोष्ट लपवत नाही. आजारी पडल्यापासून आप्पा माझ्यापाशी एकटे येऊन उभे राहू लागले होते आणि ते मला हवं होतं. म्हणून मी उलटी दाबून दूध संपवायचे.

*

मिरजेला न्यायचा हट्ट आईने धरला. आयुष्यात तिने फारसे हट्ट धरले नव्हते, त्यामुळे सगळे गडबडले. आप्पा, आई आणि मी पॅसेंजरने गेलो. रक्त घेतलं, दोन दिवस थांबायला सांगितलं, मग बोलावलं.

डॉक्टर दक्षिणेकडचे होते. मराठी त्यांना जेमतेम यायचं. मला इंग्रजी येतं म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं आणि ते माझ्याशीच बोलू लागले. त्यांनी विचारलं, घरी जनावरं आहेत का? मी नाही म्हटलं. मग दूध कुठलं, कसं पितेस? मी कट्ट्याचं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. आजाराचं नाव ब्रुसेलोसिस. गाई-म्हशींना होतो, न तापवलेल्या दुधातून माणसात येतो. क्षय नाही. औषध आहे, पण वेळ लागेल आणि मध्येच सोडलं तर परत उलटेल. बहुतेक अजूनही तू ते पीत असशील. आजपासून बंद.

हे सगळं मी एकटीने ऐकलं. आई माझा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होती. आप्पा खुर्चीत पुढे सरकून बसले होते. माझ्या इंग्रजीवर त्यांनी इतकी वर्षं खर्च केला होता. आज ते कामाला आलं होतं.

"काय म्हनत्यात?"

"आप्पा, हा म्हशीचा रोग आहे. निरशा दुधातून आलाय."

ते म्हणाले, "परत इचार."

मी परत विचारलं. उत्तर तेच आलं.

"त्यास्नी सांग, आमी सगळी पितोय. मी लहान हुतो तवापास्नं पितोय. मला का न्हाय झालं? दिल्याला का न्हाय झालं?"

मी तेही विचारलं. डॉक्टरांनी खांदे उडवले. पिणाऱ्या प्रत्येकाला होतोच असं नाही, काहींचं नशीब चांगलं असतं, असं ते म्हणाले. मी शब्दाला शब्द सांगितला.

"नशीब व्हय," आप्पा म्हणाले. "मग ते सांगायला डॉक्टर कशाला पायजे? त्ये आमच्या गल्लीतला जोशी बी सांगतोय." आणि ते उठून बाहेर गेले.

आईने एवढंच विचारायला लावलं की हा आजार घरातल्या दुसऱ्या कुणाला लागतो का. लागत नाही म्हटल्यावर ती पदराने तोंड झाकून रडली. मला दाखल करून घेतलं, खाट मिळाली, पहिली सुई टोचली. आप्पा वॉर्डात येतील म्हणून मी दाराकडे बघत होते. ते दुपारच्या गाडीने कोल्हापूरला परत गेले होते. "कारखान्यातनं माल जायचा हुता," आई म्हणाली.

*

इस्पितळातला दिवस पहाटे फरशी पुसण्याच्या वासाने सुरू होतो. मग सुई, मग गोळ्या, मग त्या गोळ्यांनी ढवळणारं पोट. राऊंड. दुपारी काहीच नाही. ज्यांना ही गोळ्या-सुयांची लांबण लागणार आहे त्यांनी रिकाम्या पोटी गोळ्या घेऊ नयेत आणि रोज एकाच बाजूला सुई घेऊ नये. दुसरं म्हणजे, ताप उतरायला लागला तरी मन उतरलेलंच राहतं. मला कारण नसताना रडू यायचं, भिंतीकडे तोंड करून पडावंसं वाटायचं. मला वाटलं माझा स्वभावच आता असा झाला. डॉक्टरांनी सांगितलं की तेही ह्याच आजाराचं आहे. कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहिलं.

आई माझ्या खाटेखाली चटई टाकून राही. दिलीप रविवारी डबा घेऊन येई. आप्पा येत नसत, वस्तू पाठवत. सफरचंदं, संत्री, नवी शाल, एकदा तर ट्रान्झिस्टर. तो लावला की शेजारच्या खाटेवरच्या वत्सलाबाई आवाज मोठा करायला लावत.

वत्सलाबाई शिरोळच्या. पोटाचं ऑपरेशन झालेलं. त्यांचं अख्खं घर रोज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आल्यासारखं वॉर्डात उतरायचं: नवरा, सासू, जाऊ. आल्या आल्या भांडण सुरू. उसाला पाणी कुणी पाजलं नाही, मोटार कुणी चालू ठेवली, डब्यात मीठ कुणी घातलं नाही. नवरा त्यांच्यासाठी आलेलं इस्पितळाचं जेवण स्वतः जेवायचा. नर्स ओरडली की तेवढ्यापुरता शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकाला म्हणायचा, "पावणं, तुमी जरा बाहेर व्हा की, बाई रागावत्यात." त्या रडायला लागल्या की म्हणायचा, "रडू नगंस, टाकं उसवत्याल. परत त्येचं पैसं."

"मेल्या, माझ्यापरीस टाक्यांची काळजी."

"मग. तुला फुकट आनलीया, टाकं न्हाय."

आणि पोट धरून त्या हसायच्या, दुखतंय म्हणत.

सुरुवातीला मला ह्या लोकांचा राग यायचा. पुस्तकात डोकं घालून बसायचे. एक दिवस त्यांची सासू काही न विचारता माझ्या खाटेवर बसली, भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर खर्डा ठेवला आणि माझ्या हातात दिला. मला काय झालंय हे तिने विचारलं नाही. छातीचा फोटो काढल्यापासून माझ्या अंथरुणावर कुणी बसलं नव्हतं. आईसुद्धा नाही, आक्काच्या धाकाने तिला लांब राहायची सवय लागली होती. म्हातारीच्या लुगड्याला उसाच्या पाल्याचा वास होता. मी भाकरी खाल्ली आणि दुसरा तुकडा मागितला.

वत्सलाबाईंनी मात्र विचारायचं ते विचारलंच. "तुजा बा परदेशात असतोय व्हय गं?"

"नाही. कोल्हापुरात."

"मग कोल्हापूर लई लांब गेलं म्हनायचं."

आई खाटेखालून म्हणाली, "कामात असत्यात." वत्सलाबाई म्हणाल्या, "आमचं बी कामातच असतंय. बघा की, काम टाकून हितं झोपलंय." त्यांचा नवरा खरंच खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपला होता.

मी मनाशी ठरवलं होतं की आप्पांना अपराधी वाटत असणार. आपल्याच हातांनी मुलीला आजार पाजला, तर कुठल्या तोंडाने येतील? माझं काम एवढंच होतं की घरी जाऊन त्यांना हलकं करायचं. भिंतीकडे तोंड करून मी वाक्यं जुळवत असे. मराठीत नीट जमेनात म्हणून आधी इंग्रजीत जुळवायची आणि मग मराठीत आणायची. तुमची चूक नाही. तुम्ही प्रेमानेच दिलंत. वाक्यं चांगली झाली होती.

*

घरी आले तेव्हा दिलीप नव्हता. त्याला पुण्याच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी यायच्या आठवडाभर आधी तो रुजू व्हायला गेला. आम्ही चौघं एका घरात असण्याचे शेवटचे महिने हे असे गेले: मी माडीवर, मग मिरजेला, आई चटईवर, आप्पा कुठे ते कुणी सांगत नव्हतं. ते दिवस परत मिळायचे नाहीत, हे मला माहीत आहे. दिलीप आता पाहुण्यासारखा येतो, बॅग उघडीच ठेवतो.

क्षय नाही म्हटल्यावर आक्काने माझं वेगळं ताट धुऊन बाकीच्या ताटांत मिसळून टाकलं. त्यावर चकार शब्द नाही. उलट शेजारणींना सांगू लागली, "मी आधीच म्हनत हुते, छातीचं काय न्हवं ते."

दिवेलागणीला हॉर्न वाजत नसे. आप्पा आमची जेवणं झाल्यावर येत. मी समोर गेले की "बरं हाय न्हवं?" विचारत आणि "हो" ऐकायच्या आत पाय धुवायला जात. जुळवलेली वाक्यं मी रोज तयार ठेवायचे. ती म्हणायला माणूस जागेवर सापडत नव्हता.

मग महिन्याच्या तपासणीसाठी आई आणि मी मिरजेला जाऊन परत आलो त्या दिवशीची गोष्ट. स्टेशनवरून रिक्षा केली. आईने ती मंडईकडून घ्यायला लावली, भाजी घ्यायची होती. तिथून निघाल्यावर नेहमीचा रस्ता खणून ठेवलेला, म्हणून रिक्षावाल्याने पेठेतून घातली. कट्टा समोर आला. म्हशी ओळीने बांधल्या होत्या, आणि तिथे, नेहमीच्या जागी, आप्पा उभे होते. हातात पेला. मित्रांच्या कसल्याशा बोलण्यावर मान मागे टाकून हसत होते.

"थांबवू नगा," आई रिक्षावाल्याला पटकन म्हणाली. तेव्हा मला कळलं की तिला माहीत होतं.

"तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यास्नी ठावं हाय. दिल्याला बी. एक दिवस चुकवला न्हाय त्यांनी."

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? ताप उतरला असता व्हय तुझा?"

मी रिक्षा थांबवायला लावली आणि उतरले. कंबर अजून धरत होती, त्यामुळे झपाझप चालत जाणं जमलं नाही. आप्पांनी मला बराच वेळ येताना पाहिलं असणार. त्यांचं हसू गेलं होतं, पण पेला हातातच होता.

"आरं, ही तर निली," त्यांचे एक मित्र म्हणाले. "पुण्यास्नं कवा आलीस? परीक्षा कशी गेली?"

म्हणजे मी बेळगावला होते आणि पुण्यालाही.

गवळ्याने मला ओळखलं. लहानपणापासून ओळखत होता. त्याने काही न विचारता पेला विसळला आणि म्हशीखाली धरला. आप्पांनी मध्ये हात घातला.

"तिला नगं."

"का वो आप्पा? वाळलीया किती पोरगी."

"तिला नगं म्हटलं न्हवं. डॉक्टरनं न्हाय म्हटलंय."

"कशापायी?"

आप्पा स्वतःच्या पेल्यातलं उरलेलं दूध प्यायले. शेवटच्या थेंबापर्यंत, नेहमीसारखं डोकं मागे करून. मिशी पुसली. मी तीन हात अंतरावर उभी राहून ते बघत होते. इतके दिवस जुळवलेली माझी वाक्यं एका अपराधी माणसासाठी होती. इथे कुणी अपराधी नव्हतं. इथे एक माणूस दूध पीत होता.

मी चारचौघांत कधी आवाज चढवून बोलले नाही. शाळेत बक्षीस घेतानासुद्धा आभार तोंडातल्या तोंडात मानले. त्या दिवशी मी बोलले.

"मी पुण्याला नव्हते. मिरजेला दवाखान्यात होते. हे दूध पिऊन आजारी पडले होते."

कट्ट्यावरचे चार-दोन लोक वळले. एक पैलवान हसला. "दुधानं कोन आजारी पडतंय व्हय ताई? दूध न पिऊन पडत्यात." गवळी चिडला. "माझ्या म्हशीचं नाव घेऊ नगा हां. माझी न्हवं ती. हितं वीस म्हशी हुब्या हायत." त्याचंही बरोबर होतं. कुठली म्हैस ते कुणालाच कधी कळणार नाही.

"बस," आप्पा म्हणाले आणि कट्ट्याच्या दगडावरची आपली पिशवी उचलून जागा केली. मी बसले.

"त्यो डॉक्टर काय काय म्हनला, परत सांग. सगळं सांग."

मी सगळं सांगितलं. ते प्रत्येक वाक्याला अडवत होते. मग आमचा आजा कसा जगला? मग तालमीतली पोरं कशी जगत्यात? त्यो सायब कुटला, त्याला म्हशीतलं काय कळतंय?

"आप्पा, मी वरच्या खोलीत उलट्या काढत होते आणि तुम्ही आणखी आणून पाजत होतात. आई उकळत होती तर तिच्यावर ओरडलात."

"मला काय म्हाईत हुतं?"

"आता माहीत आहे ना? तरी पिताच आहात."

"माझं मी पितोय. तुला पाजतोय का?"

"मिरजेला का आला नाहीत?"

गवळी दुसऱ्या गिऱ्हाइकाची धार काढत होता. मग आप्पा रस्त्याकडे बघत म्हणाले, "तितं येऊन काय करनार हुतो? तुझ्यासाठी मी दुसरं काय करत हुतो? दूध पाजत हुतो. त्येच बंद झालं. रिकामा येऊन काय करू?"

"बसायचं," मी म्हटलं. "शेजारच्या बाईंचा नवरा नुसता झोपायचा येऊन."

"झोपायला मिरजेला जायचं व्हय?"

"हो."

"काय बोलतीस तू. एवढी शिकलीस आनि काय बोलतीस."

आमचे आवाज चढले होते. लोक बघत होते. शाळेतल्या त्या बाई तिथून गेल्या असत्या तरी मी थांबले नसते. इतक्यात आई आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती कट्ट्यावर पहिल्यांदाच पाय ठेवत होती. बायका सहसा इथे येत नाहीत. तिने म्हशींकडे, गवळ्याकडे, आम्हा दोघांकडे पाहिलं. "रिक्षावाला खोळंबलाय," ती म्हणाली. "भांडायचं तर घरात चला. माझ्या हातातली भाजी सुकायला लागली." पण ती गेली नाही. पिशवी मांडीवर घेऊन माझ्या दुसऱ्या बाजूला टेकली.

*

ज्यांच्या घरात असा येऊन-जाऊन ताप आहे त्यांनी दूध उकळून प्यावं आणि रक्त तपासून घ्यावं. क्षय ठरवून माणसाला माडीवर टाकू नये. आणि भेटायला जाताना रिकाम्या हाताने गेलं तरी चालतं.

आप्पांनी कट्टा सोडलेला नाही. माझं चुकलं, असं ते म्हणालेले नाहीत आणि म्हणणारही नाहीत. मी त्यांना माफ केलंय का, असं आईने एकदा विचारलं. मी खरं सांगितलं, नाही. दिलीपचं रिकामं अंथरुण बघितलं की अजून राग येतो. हा राग जाईपर्यंत त्यांच्यापासून लांब राहायचं ठरवलं, तर आमच्या दोघांत आता आहेत तेवढेही दिवस उरायचे नाहीत.

त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी मी पुढच्या खोलीत बसून मुलांच्या वह्या तपासत होते. दिवेलागणीला स्कूटर दारात थांबली. आप्पा पायात चपला तशाच ठेवून उंबऱ्यात उभे राहिले आणि काल जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू झाले.

"आनि मला एक सांग, त्या डॉक्टरच्या घरी दूध कोन घालतंय?"

मी वह्या बाजूला केल्या. "मला काय माहीत? आधी बसा."

ते बसले.